डबल आयपीए महिन्याभरात गोडसर आणि ‘कडक’ का लागायला लागते?

घरी डबल आयपीए (हॉप्स भरपूर घातलेली, जास्त अल्कोहोलची बिअर) करून केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात, भरणाऱ्यांची तक्रार दर वेळी जवळपास याच शब्दांत येते: "पहिल्या आठवड्यात काय वास होता! संत्र्याची साल, पिकलेला आंबा, चीडाचा डिंक. आता चौथा आठवडा. केग तोच, बिअर तीच, पण मधासारखी गोडसर लागते, मागून ओल्या पुठ्ठ्याची चव येते आणि घशाशी नुसती दारू जाणवते. बिअर कडक झाली का? पुढच्या खेपेला हॉप्स किती वाढवू?"

हॉप्स, म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं, वाढवू नका. कदाचित कमीच करावी लागतील. तक्रार ऐकून रेसिपी चुकली असं वाटतं, पण बहुतेक वेळा रेसिपी ठीक असते. आंबणं संपल्यापासून ग्लासात ओतेपर्यंत बिअरला किती हवा लागली आणि ती किती गरम राहिली, तिथे घोळ असतो. दुसरीही कारणं आहेत, त्यांच्याकडे येऊच, पण संशयितांच्या यादीत पहिलं नाव ऑक्सिजनचं.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्रीय कायद्याने १९७८ साली मुभा मिळाली: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, आणि विक्री नाही. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातही स्वतःपुरती करता येते. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही; "घरच्यापुरतीच केली" ही सबब तिथे चालत नाही. तेव्हा बनवण्याचा भाग बाहेरच्या मंडळींसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी खरेदीच्या भागावर उडी मारली तरी हरकत नाही, पण मधलं वाचलंत तर ग्लासात काय चाललंय ते कळेल.

अल्कोहोल तेवढंच, मग कडक का?

डबल आयपीएमध्ये अल्कोहोल साधारण साडेसात ते दहा टक्के. बंद केगमध्ये, फ्रिजमध्ये ते वाढतही नाही आणि घटतही नाही. एक अपवाद आहे, तो पुढे येईल. कमी होत जातं ते बाकीचं सगळं. हॉप्सच्या वासामागे मर्सीन, लिनालूल, जेरॅनिऑल अशी तेलं असतात, आणि पेरू, पॅशनफ्रूट, ग्रेपफ्रूटची आठवण करून देणारे थायॉल असतात. हे थायॉल लिटरमागे नॅनोग्रॅमांत मोजावे लागतात, इतके थोडे. यातलं काही ऑक्सिजनमुळे बदलतं, काही नुसतं विरतं, आणि मर्सीनसारखी तेलं तर बाटलीच्या बुचाखालच्या अस्तरातच शोषली जातात. कडवटपणाही हळूहळू उतरतो, कारण तो देणारी आयसो-अल्फा आम्लं तुटत जातात. मागे उरतं काय? माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) उरलेला गोडवा आणि ८-९ टक्के अल्कोहोल. पहिल्या आठवड्यात ज्याच्यावर झाकण होतं ते आता समोर आलं, म्हणून जिभेला बिअर कडक वाटते. हायड्रोमीटर लावून बघा, आकडा तोच निघेल.

या शैलीचा उगम माहीत असेल तर हे जास्त पटतं. कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावी ब्लाइंड पिग नावाच्या छोट्या ब्रूअरीत व्हिनी सिलुर्झो यांनी १९९४ साली काढलेली बिअर ही विक्रीला आलेली पहिली डबल आयपीए मानतात. यंत्रसामग्री जुनाट, बॅच पहिलीच. चवीत कुठे खोट निघालीच तर झाकली जावी म्हणून माल्ट आणि हॉप्स दोन्ही सढळ हाताने घातल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. म्हणजे दोष लपवायला जन्मलेली ही बिअर. पण लपवण्याचं काम ज्या वासावर सोपवलं, तोच सगळ्यात आधी जातो! याच सिलुर्झोंची पुढची ‘प्लायनी द एल्डर’, सँटा रोझाच्या रशियन रिव्हर ब्रूइंगची, ८ टक्क्यांची. तिच्या लेबलवर ती साठवून ठेवू नका, ताजी प्या, असं नाना तऱ्हांनी बजावलेलं असतं. त्यात जाहिरातबाजी थोडी आणि अनुभव जास्त आहे.

आधी रोग कोणता ते ठरवा

"बिघडली" म्हटलं की सगळे एकच औषध सांगतात. तसं करू नका. ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरा, मग वास घ्या, मग घोट.

रंग पहिल्या दिवसापेक्षा गडद झालाय, धुरकट न्यू इंग्लंड पद्धतीची बिअर असेल तर पिवळ्याची मातकट-करडी, अगदी जांभळट झाक आलीय: हा ऑक्सिजन. माल्ट आणि हॉप्समधल्या पॉलिफेनॉल नावाच्या तुरट द्रव्यांचं ऑक्सिडेशन होतं. चिरलेलं वांगं उघडं राहिलं की काळं पडतं त्याच जातीचा हा प्रकार, फक्त संथ. चवीत मध, शेरी, कॅरॅमल, पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या चवीचं रासायनिक नाव ट्रान्स-२-नॉनेनल. मात्र हॉपवाल्या बिअरमध्ये पुठ्ठा फार उशिरा येतो. त्याच्या कितीतरी आधी हॉप्सचा वास मंद होतो आणि गोडवा पुढे येतो. पुठ्ठ्याची वाट बघत बसलात तर निदान उशिरा झालं म्हणून समजा.

लोणी किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास, जिभेवर तेलकट बुळबुळीतपणा: हा डायअॅसिटिल, आणि डबल आयपीएत त्यामागे बहुधा हॉप क्रीप असतो. त्यावर वेगळा भाग आहे.

अमेरिकेत राहणाऱ्यांना स्कंक ओळखीचा असतो. तसा उग्र वास आला तर उजेड लागलाय. कडवट आयसो-अल्फा आम्लांवर रायबोफ्लेविनच्या मध्यस्थीने निळा आणि अतिनील प्रकाश पडला की एक गंधकयुक्त रसायन तयार होतं, आणि त्याला उन्हात काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बराचसा प्रकाश अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळजवळ नाहीच. कॅन किंवा केगमध्ये हा प्रश्नच येत नाही.

जुन्या चीजचा, घामट मोज्यांचा वास असेल तर हॉप्सच जुने होते. पाकीट एकदा उघडून फ्रीझरबाहेर महिनोन्महिने पडलं असेल तर हेच होणार.

पहिल्याच दिवसापासून घसा जळतोय, नेलपॉलिशसारखा वास आहे, तर साठवणीला दोष देऊ नका, आंबवताना बिघडलंय.

आणि एक उलटा प्रकार: बिअर फारच ताजी आहे! केग भरून तीन दिवस झालेत, घशात कचकचीत, हिरवट, तुरट काहीतरी टोचतंय. याला हॉप बर्न म्हणतात. पेलेटचे (हॉप्सची भुकटी दाबून केलेल्या गोळ्यांचे) बारीक कण आणि पॉलिफेनॉल अजून तळाशी बसलेले नाहीत. फ्रिजमध्ये आठवडा-दोन आठवडे द्या, बहुतेक निवळतं. "ताजी म्हणजे उत्तम" या घोषणेतली ही पळवाट कुणी सांगत नाही. डबल आयपीए माझ्या मते दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात सर्वात चांगली लागते, अर्थात सगळा काळ थंड असेल तर.

एका बॅचमध्ये होणारी चाचणी

दोष साठवणीचा की भरण्याचा, यावर वाद घालण्यापेक्षा हे करा. एकाच केगमधून, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने तीन बाटल्या भरा. एक फ्रिजमध्ये, एक घरात कपाटात, एक पाणी तापवायच्या बॉयलरशेजारी किंवा जिथे ३० अंशांच्या आसपास तापमान राहतं अशा जागी, अंधारात. आठवड्याने तिन्ही थंड करून एकत्र ओता. ओतणारा वेगळा आणि पिणारा वेगळा असेल तर उत्तम.

फ्रिजमधली छान आणि गरम राहिलेली बिघडली, तर भरण्यात फार मोठी गडबड नाही, बिअर फक्त थंड ठेवा. पण फ्रिजमधलीही आठवड्यात मंदावली, तर भरतानाच भरपूर हवा गेलेली आहे आणि त्यावर फ्रिज हे उत्तर नाही.

ब्रूअरीवाले ३-३०-३०० नावाचा एक ठोकताळा वापरतात: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस बिअरला सारखंच जुनं करतात. हा काटेकोर नियम नाही, हॉपवाल्या बिअरला तर ३०० दिवस फारच उदार आहेत. पण गाडीच्या डिकीत उन्हाळ्याची एक दुपार काय करते ते यातून लक्षात येतं.

ऑक्सिडेशनची चव ओळखता येत नसेल तर मुद्दाम बिघडवून बघा. बाटली अर्धीच भरा, बूच लावा, हलवा, चार दिवस उबदार जागी ठेवा आणि मग चांगल्या ग्लासाशेजारी चाखा. एकदा ती चव जिभेला कळली की दुकानातली जुनी बिअरही पहिल्या घोटात ओळखू येते. थोडा तोटाच आहे म्हणा, नंतर बऱ्याच बिअर आवडेनाशा होतात.

हवा नेमकी कुठून शिरते

आकडे बघितल्याशिवाय हे गांभीर्याने घेतलं जात नाही. चांगल्या ब्रूअरी बंद कॅनमधला एकूण ऑक्सिजन लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायची धडपड करतात. आता घरची अर्ध्या लिटरची बाटली घ्या, मानेत २० मिलिलिटर साधी हवा. त्या हवेत सुमारे ४ मिलिलिटर ऑक्सिजन, म्हणजे साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास. लिटरचा हिशोब केला तर ११ मिलिग्रॅम. ब्रूअरीच्या मर्यादेच्या दोनशे पटींहून जास्त! बाटलीत साखर घालून गॅस भरवत असाल तर यीस्ट त्यातला काही भाग खातं, पण सगळा नाही आणि वेळेत नाही. स्टाउटला हे खपतं. डबल आयपीएला नाही.

दुसरी जागा ड्राय हॉपिंगची, म्हणजे उकळून झाल्यावर, आंबणाऱ्या थंड बिअरमध्ये वासासाठी हॉप्स घालण्याची. झाकण उघडलं की वरचा कार्बन डायऑक्साइडचा थर विस्कटतो, आणि पेलेटच्या भुकटीतली हवा वेगळी. झाकण उघडावंच लागत असेल तर आंबणं पूर्ण थांबायच्या जरा आधी, ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरवरची घनता, तिचा एक अंश म्हणजे ०.००१) शेवटच्या आकड्यापेक्षा दोन-चार अंश वर असताना हॉप्स टाका. यीस्ट जागं असतं, आत आलेला ऑक्सिजन तेच वापरून टाकतं. प्रेशर फर्मेंटर (दाब सहन करणारं आंबवण्याचं भांडं) असेल तर हॉप्स आधीच लोहचुंबकाने झाकणाखाली लटकवून ठेवणारे लोक आहेत. जुगाड वाटतो, पण चालतो.

तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: थंड करणं. फर्मेंटर २० अंशांवरून २ अंशांवर नेला की वरचा वायू आकसतो. पाच लिटर मोकळी जागा असेल तर नुसत्या आकसण्याने ३०० मिलिलिटर हवा एअरलॉकमधून (गॅस बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या पाण्याच्या झडपेतून) आत ओढली जाते, शिवाय थंड बिअर आणखी कार्बन डायऑक्साइड शोषते, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. ही ३०० मिलिलिटर हवा २० लिटर बिअरमध्ये विरघळली तर लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन झाला. एवढी काळजी घेऊन केग भरणारा माणूस आदल्या रात्रीच हरलेला असतो. उपाय सोपा: थंड करण्यापूर्वी एअरलॉक काढून तिथे कार्बन डायऑक्साइडने भरलेला फुगा किंवा पिशवी जोडा, किंवा सिलिंडरमधून अगदी हलका दाब द्या.

चौथी जागा केग. रिकाम्या केगमध्ये गॅस सोडून एकदा "फुस्स" केलं की हवा गेली, असा समज आहे. २ बार दाब भरून सोडला की आतला ऑक्सिजन दर वेळी एक तृतीयांश होतो: २१ टक्क्यांवरून ७, मग २.३, मग ०.८. तिसऱ्या वेळेनंतरही आत पाऊण टक्क्याच्या वर ऑक्सिजन शिल्लक आहे. म्हणून केग जंतुनाशकाच्या पाण्याने काठोकाठ भरा, अगदी झाकणाखालचा बुडबुडाही जाईल असा, आणि ते पाणी कार्बन डायऑक्साइडने ढकलून बाहेर काढा. आता आत निव्वळ गॅस. मग फर्मेंटरच्या नळातून केगच्या लांब नळीत बिअर खालून चढू द्या. केगचा गॅस फर्मेंटरच्या डोक्यावर परत नेणारी दुसरी नळी लावली तर वर्तुळ पूर्ण होतं, बाहेरची हवा कुठेच नाही. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही नव्या हॉपच्या जातीने पडत नाही. सिट्रा आणि मोझॅकच्या मागे धावणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, हा भाग वेगळा.

केग नाही, बाटल्याच आहेत? मग स्पष्ट सांगतो, डबल आयपीए हा बाटल्यांचा प्रकार नाही. तरी करायचीच तर थोडी करा, बाटली नेहमीपेक्षा वरपर्यंत भरा, ऑक्सिजन शोषणारी बुचं वापरा आणि गॅस चढल्याबरोबर सगळ्या फ्रिजमध्ये. काही जण भरताना २० लिटरला ०.३ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, त्याने वेग कमी होतो. दमा असणाऱ्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, तेव्हा पाहुण्यांना ओतण्यापूर्वी सांगा.

हॉप्स वाढवण्याने काय होतं

ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत टॉम शेलहॅमर यांच्या प्रयोगशाळेत ड्राय हॉपिंगच्या प्रमाणावर बरंच काम झालंय. २०१८ साली स्कॉट लाफोंटेन आणि शेलहॅमर यांनी दाखवलं की लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर वास त्या प्रमाणात वाढत नाही. उलट फळांचा भाग मागे पडून चहापत्तीसारखा, पाल्यासारखा भाग वाढतो. २० लिटरला ८ ग्रॅमने १६० ग्रॅम होतात. याच्या दुप्पट हॉप्स सांगणाऱ्या रेसिपी सर्रास मिळतात. त्या दुप्पट हॉप्ससोबत जास्त पॉलिफेनॉल येतात, जास्त मँगनीज येतं, जास्त बिअर पाल्यात अडकून वाया जाते आणि हॉप क्रीप बळावतो. वास टिकत नाही म्हणून हॉप्स वाढवायचे, आणि त्यामुळे बिअर आणखी लवकर उतरायची, असं चक्र सुरू होतं.

वेळेचंही तेच. पेलेटमधला बहुतेक वास एक-दोन दिवसांत बिअरमध्ये उतरतो. दहा-दहा दिवस हॉप्सवर ठेवण्याची जुनी सवय सोडा. १४ ते १६ अंशांवर दोन-तीन दिवस पुरेत.

हॉप क्रीप: जेव्हा बिअर खरोखर कडक होते

हाच तो अपवाद. हॉप्समध्ये स्टार्च तोडणारी एन्झाइम्स असतात. उकळताना घातलेल्या हॉप्समधली मरतात, पण ड्राय हॉपिंगमधली जिवंतच राहतात. माल्टमधल्या ज्या डेक्स्ट्रिन शर्करा यीस्टला खाता येत नव्हत्या, त्यांचे ती तुकडे करतात, आणि झोपी गेलेलं यीस्ट पुन्हा जेवायला उठतं. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज संशोधकांनी पिंपातल्या एल बिअरमध्ये हे १८९३ सालीच नोंदवलं होतं. पुढे ते विस्मरणात गेलं, आणि हॉप्सचा मारा वाढल्यावर अमेरिकन ब्रूअरींना पुन्हा शिकावं लागलं.

परिणाम असा: ग्रॅव्हिटी १.०१६ वर स्थिर होती, ड्राय हॉपिंगनंतर आठ दिवसांनी १.०१२. फरक ०.००४, त्याला १३१.२५ ने गुणलं की सुमारे अर्धा टक्का अल्कोहोल वाढलं. तुमची ८ टक्क्यांची बिअर साडेआठची झाली. हे केगमध्ये झालं तर फेस जास्त येतो एवढंच. बंद काचेच्या बाटलीत झालं तर गोष्ट गंभीर आहे. ग्रॅव्हिटीचा एक अंश साधारण अर्धा घनफळ, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाइतका, गॅस देतो, म्हणजे चार अंश उतरले की आधीच्या अडीच घनफळांवर आणखी दोन. साधी बाटली एवढ्याला फुटू शकते. उबदार कपाटातल्या बाटल्या उघडताना कारंजं उडायला लागलं, तर उरलेल्या हातमोजे आणि चष्मा घालून थंड करा, मगच उघडा.

दुसऱ्यांदा आंबताना डायअॅसिटिलही तयार होतं, आणि त्याच वेळी बिअर थंड केली तर यीस्टला ते परत उचलायची संधी मिळत नाही. केग भरण्यापूर्वी ही परीक्षा घ्या: दोन छोट्या बरण्यांत बिअर, झाकण लावून. एक तशीच, दुसरी ६०-६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं, मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून वास घ्या. गरम केलेलीत लोण्याचा वास आला तर डायअॅसिटिल ज्यातून बनतं ते द्रव्य अजून शिल्लक आहे, १८-२० अंशांवर आणखी काही दिवस थांबा. कॅलेंडर बघून नका ठरवू. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन ग्रॅव्हिटी सारख्या आल्या आणि ही परीक्षा पास झाली की मगच थंड करा. किंवा उलट वाट धरा: यीस्ट आधी थंड करून तळाशी बसवा, बाहेर काढा, आणि मग कमी तापमानाला ड्राय हॉप करा. एन्झाइम्स मंद, यीस्ट थोडं, क्रीप कमी. ज्यांच्याकडे शंकूच्या तळाचा फर्मेंटर आहे त्यांनी हेच करावं.

घसा पहिल्या दिवसापासून जळत असेल तर

हे थोडक्यात. १.०७६ ग्रॅव्हिटीच्या वॉर्टला (माल्टच्या न आंबलेल्या गोड पाण्याला) साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट यीस्ट पुरत नाही. २० लिटरला दोन घाला. पहिले तीन दिवस तापमान १८-१९ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, आणि हे तापमान खोलीचं नव्हे, बिअरचं, कारण जोमात आंबणारी बिअर खोलीपेक्षा तीन-चार अंश गरम असते. ऑक्सिजन हवा असलेली एकमेव वेळ इथे आहे: यीस्ट घालण्याआधी, थंड झालेल्या वॉर्टला, भरपूर.

आणि बिअर कोरडी ठेवा. एकूण आंबण्याजोग्या मालात ५ ते १० टक्के डेक्स्ट्रोज साखर घातली आणि मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवण्याची पायरी) ६५ अंशांवर केला, तर ग्रॅव्हिटी १.०१२ पर्यंत उतरते, १.०७६ वरून तिथे आली की ८.४ टक्के. हीच बिअर १.०२० वर अडकली तर अल्कोहोल ७.३५ टक्केच, पण जीभ सांगेल की ही जास्त जड, जास्त दारूची. गोडवा आणि अल्कोहोल एकत्र आले की एकमेकांना वाढवतात. क्रिस्टल माल्टवर (कॅरॅमलसारख्या गोड चवीच्या माल्टवर) हात आखडता ठेवा, ५ टक्क्यांच्या वर माझ्या हातून तरी जात नाही. त्याचा टॉफीसारखा स्वाद ताज्या बिअरमध्ये बरा लागतो, जुन्या बिअरमध्ये तो ऑक्सिडेशनच्या गोडव्यात मिसळून सगळं चिकट करतो.

विकत घेताना

कॅन उलटा करा. भरल्याची तारीख हवी. नुसतं "अमुक तारखेपर्यंत उत्तम" लिहिलं असेल तर त्यावरून बिअर कधी भरली ते कळत नाही. कुणी तीन महिने धरतं, कुणी सहा. काही ब्रूअरी वर्षातला कितवा दिवस ते छापतात: १४५ म्हणजे १४५ वा दिवस, २५ मे. डबल आयपीए चार-सहा आठवड्यांच्या आतली आणि फ्रिजमधली असेल तरच घ्या. तीन आठवड्यांची पण दुकानाच्या खिडकीत उन्हात उभी असलेली, की सात आठवड्यांची पण सतत थंड राहिलेली? मी दुसरी घेईन.

कॅलिफोर्नियाच्या स्टोन ब्रूइंगने २०१२ साली हा प्रश्न नावातच घातला. त्यांच्या ‘एन्जॉय बाय’ या ९.४ टक्क्यांच्या बिअरचं नाव म्हणजेच संपवायची तारीख, भरल्यापासून सुमारे ३७ दिवसांची, लेबलवर ठळक अक्षरांत. व्हर्मॉंटच्या अल्केमिस्टची ‘हेडी टॉपर’, ८ टक्के, २०११ पासून कॅनमध्ये मिळते, आणि कॅनवरच लिहिलंय की कॅनमधूनच प्या. इथे मी त्यांचं ऐकत नाही. वास घ्यायचा तर ग्लास हवाच, आणि फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबायला हवं. ४ अंशांवर निम्मा वास दडून राहतो.

भारतात गोष्ट थोडी वेगळी. अन्नसुरक्षा नियमांनुसार बिअर ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. म्हणजे प्लायनी नेमकी काठावर बसते आणि ९ टक्क्यांची डबल आयपीए बिअर म्हणून विकताच येणार नाही. शिवाय आपल्याकडे ‘स्ट्राँग’ मागणाऱ्याला किक हवी असते, तर चांगल्या डबल आयपीएत अल्कोहोल लपलेलं असावं अशी अपेक्षा असते, त्यामुळे पहिल्यांदा पिणारा हमखास बुचकळ्यात पडतो. ताजेपणाच्या बाबतीत मात्र पुणेकर नशीबवान. २००९ साली डूलालीपासून सुरू झालेल्या मायक्रोब्रूअरीत बिअर टाकीतून थेट ग्लासात येते. वाहतूक नाही, गोदाम नाही. तिथे विचारायचा प्रश्न एकच: ही टाकी कधी लावली? उत्तर देणारा अडखळला तर त्या दिवशी व्हीट बिअर घ्या.

अमेरिकेहून बॅगेत कॅन आणणाऱ्यांनी प्रवासाच्या एका दिवसाची फार चिंता करू नये. नुकसान होतं ते घरी आल्यावर. "दिवाळीला सगळे जमले की उघडू" म्हणून मे महिन्यात कपाटात ठेवलेले कॅन दिवाळीला सरबत झालेले असतात. आल्या संध्याकाळी फ्रिजमध्ये, आणि त्याच आठवड्यात उघडा.

उतरलेल्या केगचं काय करायचं

गेलेला वास परत येत नाही. नुसता मंदावला असेल, पुठ्ठा नसेल, तर लिटरला २ ग्रॅम हॉप्स जाळीच्या पिशवीत घालून, केगची मोकळी जागा गॅसने चार-पाच वेळा धुऊन, थंडच ठेवून दोन दिवस द्या. आठवडाभर बरी लागेल, त्या आठवड्यात संपवा. पुठ्ठा आलेला असेल तर हा खटाटोप हॉप्सची नासाडी आहे. रश्श्यात किंवा सॉसमध्ये आटवू नका, कडवटपणा घट्ट होऊन पदार्थ कडूजहर होतो. कांदाभजीच्या पिठात पाण्याच्या जागी निम्मी बिअर घातली तर भजी कुरकुरीत होतात, तेवढा कडवटपणा कांद्यात खपून जातो. बाकीची मोरीत ओता, केग लगेच धुवा, नळ्या आणि रबरी रिंगा बदला, कारण हॉप्सचा वास त्यांत मुरतो आणि पुढच्या बॅचला लागतो.